संशोधन पद्धतींच्या मास्टर्सआधी नेमकी काय तयारी करू?

कळंबेकरीण
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, मानसशास्त्रात बी.ए. केलंय. सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये मानसशास्त्रीय संशोधन पद्धतींचं एका वर्षाचं एमएस्सी सुरू होतंय. गणित दहावीनंतर सुटलं. टी टेस्टची (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) सूत्रं पाठ आहेत, पण ती का चालतात ते कळलेलं नाही. कुणी म्हणतं एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा क्लास लाव, कुणी म्हणतं आर ही संगणकभाषा शीक. पैसे जपून वापरायचेत. सुरुवात कुठून करू?

पंचगंगेचा
अभिनंदन! क्लासला पैसे घालू नकोस. जामोवी आणि जास्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, दोन संध्याकाळी दिल्यास की हात बसतो. आरही फुकट आहे आणि ते मात्र खरंच शीक. विश्लेषणासाठी नंतर लागेलच, पण आत्ता खोटा डेटा बनवण्यासाठी शीक.

म्हणजे असं. एकाच लोकसंख्येतून २०-२० जणांचे दोन गट काढ, टी टेस्ट लाव आणि हे संगणकाला हजार वेळा करायला सांग. गटांत खरा फरक काहीच नाही, तरी पन्नासच्या आसपास वेळा पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येईल, म्हणजे निकाल ‘लक्षणीय’ ठरेल. मग मुद्दाम मध्यम फरक घाल, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). फरक खरा असूनही तीनातल्या जेमतेम एका वेळी तो सापडेल. ८० टक्के वेळा सापडायला हवा असेल तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. जेकब कोहेन यांनी १९९२ च्या लेखात हाच आकडा दिलाय.

खरी गंमत पुढे आहे. गटात वीसच माणसं असतील तर पी ०.०५ खाली यायला नमुन्यातला फरक किमान ०.६४ विचलनाचा दिसावा लागतो. खरा फरक ०.५ आहे! म्हणजे छोट्या अभ्यासातला जो निकाल ‘लक्षणीय’ म्हणून छापला जातो, तो फुगलेलाच असतो. हे स्वतःच्या स्क्रीनवर बघितलंस की शोधनिबंध वाचायची नजरच बदलते.

शाहूपुरीचे सर
पंचगंगेचा यांचं पटतं, पण क्रम मी उलटा ठेवीन. बाळ, आधी कागद-पेन्सिल घे. दहा जणांचे गुण मांड, सरासरी काढ, विचलनं काढ, वर्ग कर, प्रमाण विचलन हाताने काढ. मग त्या दहांतून चार-चार जणांचे नमुने चिठ्ठ्या टाकून काढ आणि प्रत्येकाची सरासरी लिहीत जा. त्या सरासऱ्या किती पसरतात, तीच प्रमाण त्रुटी. टी टेस्टचं सूत्र म्हणजे फरक भागिले त्या फरकाची अशीच त्रुटी, बाकी काही नाही. दहावीचं गणित याला पुरतं. ३० वर्षं शिकवलंय, कला शाखेच्या मुलांना हे नीट समजतं, फक्त घाई करायची नाही.

शिरोळकर
ताई, आकडेमोडीवर सगळे बोलतात, मोजमापावर कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागात मी एका पाहणीत होतो. निवारा केंद्रात फॉर्म भरून घेणं सोपं होतं, पण नातेवाइकांकडे गेलेली कुटुंबं त्यात येतच नव्हती. रंकाळ्यावर संध्याकाळी उभं राहून फॉर्म भरलेस तरी तेच होईल, फिरायला वेळ असलेली माणसंच मिळतील.

दुसरं, नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या पीएचक्यू-९ सारख्या प्रश्नावलीत ‘काही दिवस’ (१ गुण) आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ (२ गुण) असे वेगळे पर्याय असतात. वाचून दाखवलं की म्हातारी माणसं नुसतं ‘हाय की’ म्हणतात. ते १ की २? तपासनिसांनी आपापल्या मनाने ठरवलं तर डेटा तिथेच बिघडतो. आणि त्यातला नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. कुणी हो म्हणालं तर पुढे काय, हे घरातून निघण्याआधी ठरलेलं हवं: कुणाला कळवायचं, कुठे पाठवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सोबत ठेवायचा. हे ठरलं नसेल तर तो प्रश्न विचारूच नये.

कळंबेकरीण
सर, चिठ्ठ्या आजच करते. शिरोळकर दादा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. निबंध वाचायचे तर कोणते?

पंचगंगेचा
दोन. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांचा २०११ चा. दोनपैकी बरं दिसेल ते मापन निवडायचं, निकाल नाही आला की आणखी माणसं घ्यायची, अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर चुकीच्या निकालाचा ५ टक्के धोका ६० टक्क्यांवर जातो, असं त्यांनी दाखवलं. मग ओपन सायन्स कोलॅबोरेशन या गटाचा २०१५ चा, मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितलेला. लक्षणीय निकाल जेमतेम ३६ टक्क्यांत आला. दोन्ही वाचताना निष्कर्ष शेवटी वाच. आधी पद्धतीचा भाग वाचून, या माणसांवरून आपण काय म्हणू शकलो असतो, ते वहीत लिही.

जमलं तर तुझी एखादी छोटी कल्पना ओएसएफ या संशोधकांच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणीच्या (डेटा घेण्याआधीच आराखडा नोंदवून ठेवायचा) नमुन्यात भरून बघ. डेटा गोळा करू नकोस, नुसतं भर. ‘कुणाला वगळणार’ आणि ‘कुठे थांबणार’ या दोन रकान्यांत सगळ्यात जास्त वेळ जाईल.

कळंबेकरीण
झोप आणि अभ्यासातलं लक्ष, हा विषय डोक्यात आहे. रविवारपर्यंत भरून इथेच टाकते.

शाहूपुरीचे सर
टाक. झोप तास विचारून मोजणार की रोजची नोंदवही देऊन, ते मात्र पहिल्यांदा लिही.