अडुळशाचा रस आणि खोकल्याचं सिरप, दोन्ही एकदम चालतं का?

परसबाग_सावंतवाडी: नमस्कार मंडळी. आईचा खोकला काही केल्या जात नाहीये, दोन आठवडे उलटून गेले, छातीत कफ नुसता दाटून बसलाय. डॉक्टरांनी अँब्रोक्सॉलचं सिरप दिलंय आणि इकडे आजी रोज सकाळी परसातल्या अडुळशाचा रस काढून मधातून देते, बाबा म्हणतात पाला बंद करा, आजी म्हणते बाटली बंद करा. त्यात वहिनीला चौथा महिना आहे, तिलाही खोकला लागलाय तर आजी म्हणते तिलाही देते चमचाभर. अडुळशात नक्की असतं काय? कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

औषधशास्त्र_ताई: आधी वहिनींचं. त्यांना अजिबात देऊ नका, चमचाभर पण नाही. अडुळशाच्या पानात वासिसिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक रसायन, असतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय. खोकल्याला त्यांनी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावं.

आता आईंचं. वासिसिन हवेत राहिलं की त्याचं काही प्रमाणात वासिसिनोन होतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत याने श्वासनलिका सैल होतात असं दिसलंय. याच वासिसिनच्या रेणूवरून युरोपात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं, 1963 च्या सुमारास ते बाजारात आलं, आणि ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं जे करतं ते म्हणजे अँब्रोक्सॉल, म्हणजे तुमच्या बाबांची बाटली आणि आजींचा पाला एकाच घराण्यातले आहेत, भांडायचं कारणच नाही! पण म्हणून दोन्ही एकदम नको. सिरपमध्ये डोस मोजलेला असतो, पानातलं अल्कलॉइड झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. सिरप चालू आहे तोवर रस थांबवा आणि रस देत होतो हे डॉक्टरांना सांगा.

रानपाला: ताईंनी छान सांगितलं. आजींची पद्धत विचारून घ्या मात्र, कारण अडुळशाची पानं कच्ची वाटली तर चोथाच हातात येतो, रस सुटत नाही. आमच्याकडे पानं धुवून, दुसऱ्या मोठ्या पानात गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजतात, मग गरम असतानाच फडक्यात पिळतात, तेव्हा कुठे हिरवट काळा कडूजहर रस निघतो. वैद्य याला पुटपाक म्हणतात. हल्ली लोक चाळणीत वाफवून घेतात, तेही चालतं. जुन्या वैद्यांचा या झाडावर केवढा विश्वास होता बघा, वासा म्हणजे अडुळसा आहे आणि जगायची आशा आहे तर रक्तपित्ताच्या (म्हणजे रक्त पडण्याच्या), क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने खचायचं कशाला, असा श्लोकच आहे. शेळ्या सहसा याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही लावतात.

आरोग्यसेवक_कोकण: त्या श्लोकातलं क्षयाचं नाव ऐकून कुणी टीबीला अडुळसा देत बसू नका. 1996 साली ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल दोन्ही टीबीच्या जंतूंची वाढ रोखतात असं प्रयोगशाळेत दिसलं होतं, चांगली गोष्ट आहे, पण ते प्रयोगशाळेतलं, माणसाच्या फुफ्फुसातलं नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायची, नियमच आहे तो, सरकारी दवाखान्यात फुकट होते. आईंना ताप येतो का, वजन उतरलंय का, थुंकीत रक्त दिसतं का?

परसबाग_सावंतवाडी: रक्त नाही, पण संध्याकाळी कणकण असते आणि कपडे सैल झालेत हे आज तुम्ही विचारल्यावर तिने सांगितलं. सकाळीच घेऊन जातो. वहिनीचं आजीला सांगितलं, तिने लगेच ऐकलं.

आरोग्यसेवक_कोकण: जाताना सकाळी उठल्या उठल्या खोकून आलेला कफ लागतो, नुसती लाळ नाही. डबी दवाखान्यातून आजच आणून ठेवा.