उन्हाळ्यात घरी पाहायला छोटे, कोणी फारसे न पाहिलेले पिक्चर सांगा

कुलरसमोर_लोळण
मंडळी, मे महिना, नागपूर, बाहेर ४५, बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायचा नाही हा आईचा कायदा. शनिवार-रविवारी आम्ही तिघं हॉलमध्ये कुलरसमोर पडून राहतो अन् टीव्हीवर तेच ते डब केलेले पिक्चर, एक माणूस चाळीस जणांना हवेत उडवतो. कंटाळा आला राव. मागच्या वर्षी आपल्याच भाषेतला एक लागला होता, मुलगी पाहायला येतात त्याच्यावर, शो एकच अन् तोही भर ऑफिसच्या वेळेला, रविवारी जाऊ म्हणेपर्यंत उतरलासुद्धा. तर असे बिनास्टारचे पिक्चर सांगा, भाषा कोणतीही चालेल. अडचण बाबांची आहे. रिटायर्ड तलाठी. "याच्यात काही होऊनच नाही राहिलं" म्हणतात अन् वीस मिनिटांत उठून जातात. ते टिकले पाहिजेत.

तर्री_जास्त
तो 'स्थळ' असन भाऊ, जयंत सोमलकरचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट केला, त्याचंच गाव हाय ते, अन् काम करणारेबी गावातलेच लोकं. टोरंटोच्या फिल्म फेस्टिवलले २०२३ मधी नेटपॅक अवॉर्ड, म्हंजे आशियातल्या पिक्चरले देतात तो, भेटला अन् आपल्या टॉकीजात यायले २०२५ चा मार्च उजाडला, आता बोला. सुरुवातच अशी हाय का मी मोबाईल बाजूले ठेवून देल्ला, बाया पोरगा पाह्यले आल्या अन् त्याले प्रश्न इचारून राहिल्या, मंग पोरगी झोपीतून उठते. त्याच्यानंतर तेच प्रश्न तिलेच, नाव काय, उंची किती, शिक्षण किती, एक पार्टी गेली का दुसरी. पहिल्या खेपेले हसू येते, तिसऱ्या खेपेले नाई येत. तिकडे बापाच्या कापसाले भाव नाई. आईसंग पाहा, एकटा नको पाहू.

धरमपेठेतली_दुपार
बाबा तलाठी होते म्हणता, मग विषयच संपला, 'तिथी' लावा. कन्नड आहे, राम रेड्डीचा, २०१५ चा. मंड्या जिल्ह्यातल्या गावात १०१ वर्षांचा म्हातारा मरतो, अकराव्या दिवशी जेवण आहे, अन् नातवाला त्याच्या आधी जमीन विकून मोकळं व्हायचंय. जमीन खरं तर नातवाच्या बापाकडे यायला पाहिजे, पण तो दाढीवाला बाप दारू पीत रानात फिरतोय, सही करायला तयार नाही, कशाशी घेणंच नाही त्याला. मग जित्या बापाचा मृत्यूचा दाखला! तुमच्या बाबांनी फेरफाराच्या नोंदी करताना असले सतरा नमुने पाहिले असतील, ते उठणार नाहीत, उलट मध्ये मध्ये पॉज करून चुका काढतील. यातपण सगळे गावचेच लोक, अभिनय शिकलेलं कोणी नाही.

अन् एक, कुलर. हे पिक्चर हळू बोलतात, पार्श्वसंगीत जवळपास नसतं अन् आपला लोखंडी कुलर विमानासारखा घरघरतो. आम्ही पहिला पिक्चर अर्धा असाच घालवला. मराठी असला तरी सबटायटल चालू ठेवा, टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग नाही, शेजारचेच बोंबलतात.

फुटाळ्याचा_वारा
कोणी 'कोर्ट' कसा नाही सांगितला? चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातले शाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार, चळवळीतला माणूस, २०२१ मध्ये करोनात गेले. आपल्या शहरात या माणसाला ओळखणारे किती निघतील, असो.

तर्री_जास्त
कोर्ट भारी हाय पण बाबा झोपतीन बे. क्यामेरा एका जागी ठेवला का हालतच नाई.

फुटाळ्याचा_वारा
झोपले तर झोपू द्या, कोर्टातपण लोक झोपतातच. सरकारी वकीलबाई एवढ्या कडक युक्तिवाद करतात अन् नंतर लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, ते पाहिल्यावर त्यांचा राग करावा की नाही तेच कळत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तारखांवर तारखा म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळेल. वीस मिनिटांची अट काढून चाळीस करा.

संत्र्याची_फोड
'गाभ्रीचा पाऊस' पण आहे, २००९, सतीश मन्वर. विदर्भातला शेतकरी, शेजारच्यानं आत्महत्या केली म्हणून बायको एवढी घाबरते की पोराला बापाच्या मागे मागे फिरायला लावते अन् घरात गोडधोड करून ठेवते. सोनाली कुलकर्णी अन् गिरीश कुलकर्णी आहेत, म्हणजे अगदीच बिनास्टार नाही. मध्ये हसायलापण येतं, पण शेवट जड आहे, दुपारी जेवल्यावर लावू नका. माझ्या सासऱ्यांनी पाहिला अन् संध्याकाळचा चहा घेतला नाही.
हलकं पाहिजे तर रीमा दासचा 'व्हिलेज रॉकस्टार्स', आसामी. गिटार पाहिजे असलेली एक पोरगी, थर्माकोलची वाद्यं, पूर. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग सगळं त्या बाईनं स्वतः केलं.

कुलरसमोर_लोळण
अपडेट. शनिवारी स्थळ लावला, सबटायटलसकट. बाबा तेराव्या मिनिटाला उठले, मला वाटलं गेलं, पण पाण्याचा पाईप कुलरला लावून परत येऊन बसले. आई सुरुवातीला फार हसली. मग प्रश्न सुरू झाल्यावर म्हणते, "मले पाह्यले आले तवा यांच्या मामानं चालून दाखवाले लावलं होतं." बाबा म्हणे असं काही झालंच नव्हतं. यावर रात्रीपर्यंत चाललं, आईनं साडीचा रंगसुद्धा सांगितला.
तिथी पुढच्या रविवारी. जित्या माणसाच्या दाखल्याचं सांगितलं तर बाबा म्हणतात, "कोणत्या सालचं प्रकरण आहे?"