कवीच्या लहानपणीची चोरीची बातमी जन्मशताब्दीच्या पुस्तिकेत छापावी का?

बेळगावकर वाचक
आपल्या भागातल्या एका कवीचं हे जन्मशताब्दी वर्ष. नाव मुद्दाम देत नाही. ओळखलंत तरी प्रतिसादात लिहू नका, ही विनंती. स्मरणपुस्तिकेसाठी चरित्राचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आजवरच्या सगळ्या परिचयांत त्यांचं बालपण एका ओळीत उरकलंय: शहापुरात जन्म, गरिबीत शिक्षण. त्या ओळीच्या आत काय आहे ते शोधायला मी चार महिने जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली चाळतोय. स्वस्त लगद्याचा कागद, त्यातलं आम्ल त्यालाच खात आलेलं. पान उलटलं की कडेचा तपकिरी कपचा बोटाला चिकटून येतो.

१९३८ च्या एका अंकात, बाजारभाव आणि काढ्याची जाहिरात यांच्यामध्ये सात ओळी सापडल्या. शहापुरातल्या एका साडीच्या पेढीवरून जरीची तार चोरल्याबद्दल एका मुलाला पकडलं. मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, जात, गल्ली, सगळं छापलंय. मथळ्यात त्याला 'अट्टल' म्हटलंय. वय बारा. तो मुलगा म्हणजे आपले कवी. त्या पेढीच्या मागांवर ते कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, जात असत.

त्यांच्या कवितेत कांडी वारंवार येते हे वाचकांना माहीत आहे. समीक्षकांनी तिला श्रमाची प्रतिमा ठरवलं. मीही वर्गात तसंच शिकवलं. या सात ओळी वाचल्यावर त्या कविता पुन्हा काढल्या तर प्रत्येक ठिकाणी कांडी दुसऱ्याच्या हातात आहे आणि कवी तिच्याकडे लांबून बघतोय. हे माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षं होतं आणि मला दिसलं नव्हतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बातमी छापावी, नावगावासकट. तुम्हाला काय वाटतं?

वडगावचा विणकर
छापा सर. आमच्या घरात तीन पिढ्या माग होते, म्हणून सांगायलोय. जरीची तार वजनावर मिळायची आणि साडी परत वजनावर घेतली जायची. तूट आली की ती कुणाच्या तरी अंगावर पडायचीच. मालक स्वतःच्या अंगावर घेत नसे, विणकर आपल्या घेत नसे, राहिलं कोण? कांड्या भरणारं पोर. अशी किती पोरं मजुरी न घेता हाकलली गेली त्याची नोंद कुठं आहे? एकाची छापून आलीय तर ती दाबू नका.

नंदगडची वाचक
माझा पूर्ण विरोध. नारायण सुर्व्यांनी आपण रस्त्यावर सापडलेलं मूल आहोत, गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी आपल्याला वाढवलं, हे ताठ मानेनं सांगितलं. ते त्यांचं होतं, त्यांनी सांगितलं. तुमच्या कवींनी अख्ख्या आयुष्यात हे कुठं लिहिलं का? नाही ना? मग त्यांनी जे झाकून ठेवलं ते उघडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कविता कळावी म्हणून माणसाला पुन्हा त्या पेढीच्या दारात उभं करायचं, हे मला सहन होत नाही. आणि मुलाची जात आणि गल्ली पुन्हा छापून आपण नक्की कुणाला काय शिकवणार?

बेळगावकर वाचक
ताई, जातीबद्दलचं म्हणणं मान्य, ते मी काढतो. पण जे लपवलं ते कायमचं लपलेलंच ठेवायचं म्हटलं तर चरित्र लिहायचंच कशाला? सत्कार समारंभातल्या भाषणासारखं दोन पानी गुणगान लिहून मोकळं व्हावं.

कॅम्पातला वकील
कायद्याचं थोडक्यात सांगतो. आज असं छापलं असतं तर किशोर न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली तो गुन्हा झाला असता; कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. दुसरं, मृत माणसाचीही बदनामी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात ते आहे, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. तुमचा हेतू तसा नाही, म्हणून मी घाबरवत नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे, सर. पस्तीस वर्षं फौजदारी कोर्टात काढली. वर्तमानपत्र पकडल्याची बातमी देतं, सुटल्याची देत नाही. पकडल्याच्या दिवशी बातमीदार चौकीत असतो. निकालाच्या दिवशी तो दुसऱ्या चौकीत असतो. तुमच्याकडे सात ओळी आहेत त्या आरोपाच्या. निकाल कुठं आहे?

बेळगावकर वाचक
पुढच्या सहा महिन्यांचे अंक पाहिले. काही नाही.

हुक्केरीकर
कुठले अंक पाहिलात? मराठीच ना? सर, राग मानू नका, आपल्या भागात अभ्यास करणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. मराठीवाला मराठी फाइल बघतो, कन्नडवाला कन्नड. १९५६ नंतरच्या सीमेच्या भांडणाचा हिशोब आपण १९३८ च्या कागदालाही लावतो. तेव्हा एकाच चौकातल्या भानगडीची बातमी दोन्ही भाषांतल्या पत्रांत यायची आणि दोन तऱ्हांनी यायची. माझं शिक्षण कन्नडमधून झालंय, घरात मराठी. मी येऊन वाचून देतो, त्यात काय.

अजून एक. शहापूर तेव्हा बेळगावच्या कलेक्टरकडे नव्हतं, सांगली संस्थानात होतं. रस्ता ओलांडला की दुसरा अंमल. संस्थान १९४८ साली विलीन झालं. म्हणजे खटला उभा राहिला असेल तर तो संस्थानच्या न्यायाधीशापुढं, आणि तुम्ही निकाल शोधताय इंग्रजी हद्दीतल्या साप्ताहिकात. त्यांना त्याचं काय पडलं होतं? कागद शोधायचे तर सांगलीच्या बाजूला शोधा. पेढीच्या वह्या कुणाकडे उरल्या असतील तर त्या मोडीत असणार, मोडी वाचणारा सोबत न्या.

बेळगावकर वाचक
हे मला सुचायला हवं होतं. शहापूर सांगलीकडे होतं हे माहीत होतं, पण शोधताना ते डोक्यात आलं नाही. आजचा नकाशा मनात धरून मी कालचं गाव शोधत बसलो.

वडगावचा विणकर
निकाल नाही सापडला तर काय करणार? म्हणून बातमी खोटी होत्येय काय?

कॅम्पातला वकील
खोटी होत नाही. अर्धी राहते. आणि अर्धी बातमी एकदा गावभर झाली तर आता दुसऱ्यांदा होईल, तीही सत्कार म्हणून.

धाकटी सून
मी इथं कधी लिहीत नाही. मुलानं हे सगळं वाचून दाखवलं. ज्यांच्याबद्दल चाललंय ते माझे मामंजी.

त्यांनी घरात कुणालाच हे सांगितलं नाही, सासूबाईंनासुद्धा नाही. पण आमच्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. घरात चार आण्याची वस्तू आली तरी तिची पावती त्या डब्यात जायची. मोसंबीवाला पावती कुठून देणार? मग मामंजी स्वतः चिठ्ठीवर लिहायचे, तारीख, वस्तू, किंमत, आणि त्याची सही घ्यायचे. तो हसायचा. आम्हीही हसायचो. नवीन लग्न झालेलं तेव्हा माहेरून आणलेल्या बांगड्यांची पावती आहे का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी रात्रभर रडले. मला वाटलं माझ्यावर संशय घेतात. आज कळलं, त्यांना माझी भीती वाटत होती, माझ्यावर कुणी आळ घेईल म्हणून.

सर, तुम्ही मामंजींचे विद्यार्थी, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण ती बातमी तशीच छापू नका. त्या पेपरात ते चोर आहेत.

नंदगडची वाचक
वहिनी, नमस्कार करते तुम्हाला.

बेळगावकर वाचक
वहिनी, रात्रभर तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. पहिल्या पोस्टमधलं माझं मत मी मागे घेतो. ती बातमी पुस्तिकेत जाणार नाही. हुक्केरीकरांबरोबर येत्या आठवड्यात कन्नड फायली बघायला बसतोय, मग सांगलीला जाणार. शेवट सापडला तर आधी तुमच्याकडे घेऊन येईन. नाही सापडला तरी येईन. कांडीबद्दल लिहिणं मात्र मला सोडता येणार नाही. तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलंय. ते चोरीचा उल्लेख न करता कसं लिहायचं हे मला अजून जमलेलं नाही. डब्याबद्दल लिहिलं तर चालेल का?

धाकटी सून
डबा माझ्याकडे आहे. दिवाळी झाल्यावर या. चिठ्ठ्या वाचा, उतरवून घ्या. फोटो काढायचा नाही. मोसंबीवाल्याची सही तेवढी बघा, त्यानं प्रत्येक वेळी वेगळी केलीय.