व्यायामशाळेच्या भिंतीवर खाशाबा जाधवांची पाटी: मजकूर नेमका काय लिहावा?

गिरणाकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्यायामशाळेची दर्शनी भिंत आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत रंगवून घ्यायची आहे. भिंत १२ फूट लांब आणि ६ फूट उंच. प्लास्टर गेल्याच महिन्यात झालंय. तोंड पश्चिमेला, समोर २०-२५ फुटांवर एसटीचा रस्ता.

मधोमध खाशाबा जाधव, एका बाजूला मारुती माने आणि गणपतराव आंदळकर, दुसऱ्या बाजूला आपल्या खान्देशचा एखादा पहिलवान, असं ठरलं. मजकूर तिघांनी लिहून दिला आणि तिघांचा तीन तऱ्हेचा. एक म्हणतो "भारताचे पहिले ऑलिम्पिक पदकविजेते". दुसरा म्हणतो "१९५२ च्या उपांत्य फेरीत पराभव, म्हणून कांस्य". तिसऱ्याने "कोल्हापूरचे खाशाबा" लिहून ठेवलंय. शाळेची पोरं येता-जाता वाचणार, म्हणून चुकीचं काही जायला नको. खान्देशातून कोणाला घ्यावं तेही सांगा.

लाल_माती

तिन्ही मजकुरांत थोडं थोडं खरं आहे, पण पाटीवर तसेच्या तसे चालणार नाहीत.

पहिल्यापासून घेऊ. बरोबर वाक्य आहे "स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक". यातला एकही शब्द गाळता येत नाही. "स्वतंत्र" काढला की नॉर्मन प्रिचर्ड आडवा येतो. कलकत्त्यात जन्मलेल्या या धावपटूने १९०० साली पॅरिसला २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा शर्यत अशी दोन रौप्यपदकं घेतली आणि ती भारताच्या नावावर धरली जातात. "वैयक्तिक" काढला की हॉकी येते. लंडनला १९४८ मध्ये ब्रिटनला ४-० ने हरवून मिळालेलं सुवर्ण हे स्वतंत्र भारताचं पहिलं पदक. पेंटर जागा कमी पडली म्हणून नेमका "वैयक्तिक"च उडवतो, तेव्हा त्याला आधीच बजावून ठेवा.

दुसरा मजकूर. त्या वेळच्या ऑलिम्पिक कुस्तीत आजच्यासारखी बाद फेरी नव्हती, त्यामुळे "उपांत्य फेरी" हा शब्दच तिथे बसत नाही. पद्धत दोषगुणांची होती. समोरच्याला चीत केलं तर शून्य दोषगुण. पंचांच्या कौलाने जिंकलात तरी एक. हरलात तर त्याहून जास्त. एकूण पाच झाले की पहिलवान बाहेर. म्हणजे एक हार पचवूनही पुढे जाता यायचं, आणि नुसत्या कौलावर जिंकत राहिलं तरी दोषगुण साचायचे. चीतपटीला किंमत होती ती त्यामुळे. शेवटी तिघं उरले की त्यांच्या आपसातल्या लढतींवरून क्रम लागायचा.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले, त्यातले पहिले दोघे चीतपट. शेवटच्या तिघांत ते, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. त्या दोघांकडून हार झाली. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता आणि थकल्या अंगाने त्यांना लगेच पुन्हा गादीवर (मॅटवर) जावं लागलं, हे त्यांच्या बाबतीत नेहमी सांगितलं जातं. पण हे भिंतीवर नको. दोन ओळींत मावत नाही आणि वाचणाऱ्याला पदक कोणी तरी उपकार म्हणून दिल्यासारखं वाटतं.

तारीख हवीच असेल तर २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ हरवलं, त्यात बलबीर सिंगांचे पाच गोल. पहिलं वैयक्तिक पदक झाकोळलं गेलं त्याचं एक कारण हेही.

तिसरा मजकूर. जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. कोल्हापूरशी नातं राजाराम कॉलेजचं. तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी हेलसिंकीसाठी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. म्हणजे कोल्हापूर लिहायचंच तर "शिक्षण कोल्हापूर". गाव कराडचंच.

आणि १९४८ विसरू नका. लंडनला ते ५२ किलोच्या फ्लायवेट गटात सहावे आले होते. मातीत वाढलेल्या पहिलवानाने आंतरराष्ट्रीय नियमांत, गादीवर, सहावा नंबर काढणं लहान नव्हे. चार वर्षांत एक वजनगट वर चढून पदक आणलं, हे ५२ आणि ५७ असे दोन आकडे शेजारी लिहिले की पोरांना न सांगता कळतं.

ब्रश_आणि_दोरी

मजकुराचं लाल_माती भाऊंनी सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. कारण चुकीची माहिती आणि सोललेला रंग, दोन्ही पाट्यांचा शेवट सारखाच होतो.

प्लास्टर महिन्याभराचं आहे म्हणताय. कमीत कमी २८ दिवस गेल्याशिवाय ऑइल पेंट लावूच नका. ओल्या सिमेंटचा खार तेलाला खातो, रंग आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. दिवस मोजून झाले तरी एकदा तपासा. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून आठ दिवस थांबा. जमिनीलगत पांढरी भुकटी दिसली तर ओल खालून चढतेय. मग खालचा एक फूट मजकुरासाठी धरू नका.

जमीन, म्हणजे मागचा रंग, बाहेरच्या भिंतीचा ॲक्रेलिक घ्या. आधी त्याचाच प्रायमर, वर दोन हात. अक्षरांना सिंथेटिक इनॅमल. पश्चिमेचं ऊन खाणारी भिंत आहे, तेव्हा लाल अक्षरं टाळा, लाल सगळ्यांत आधी उडतो. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्यावर काळा नाहीतर गडद निळा टिकतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दहानंतर भिंत तापते आणि इनॅमल ब्रशखालीच ओढायला लागतं, कडा फाटतात. काम सकाळी सहा ते दहा. संध्याकाळी ही भिंत पश्चिमेची असल्याने उशिरापर्यंत गरम राहते.

अक्षरांचा हिशोब असा. दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्ता २५ फुटांवर, म्हणजे अडीच इंच. वर वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींच्या दोऱ्यांमध्ये दुप्पट, म्हणजे पाच इंच अंतर. मधला भाग पाच फूट रुंद धरा, बाजूचे साडेतीन-साडेतीन. मधल्या भागात वर-खाली सहा सहा इंच मोकळे, नावाची ओळ दहा इंच, चित्राला दोन फूट. ७२ इंचांतून उरतात २६. म्हणजे फक्त पाच ओळी, आणि एका ओळीत जागा धरून जेमतेम वीस अक्षरं. मजकूर आधी या मापात बसवा, मग पेंटरला द्या. उलटं केलं की शेवटची ओळ चिरडून लिहिली जाते, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यांत महत्त्वाची असते.

चित्राबद्दल दोनच गोष्टी. हेलसिंकीचं चित्र असेल तर लंगोट आणि लाल माती काढू नका, ती कुस्ती गादीवर अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखात झाली. डावच दाखवायचा तर ढाक दाखवा, त्यांचा हातखंडा होता तो. एक हात मानेला, दुसऱ्याने दंड धरलेला, कंबर आत घुसलेली आणि समोरच्याचे पाय जमीन सोडताना. दुसरं, पदकाला सोनेरी रंग भरू नका. एक तर ते कांस्य आहे. आणि बाजारातल्या सोनेरी रंगात पितळेची भुकटी असते, उन्हापावसात दोन वर्षांत काळवंडते. पिवळ्या मातकट रंगात थोडा गेरू घाला, कांस्यच दिसेल.

गादीवाला

बाजूच्या भागांबद्दल.

माने आणि आंदळकर दोघेही सांगली जिल्ह्याचे. माने कवठेपिरानचे, आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. दोघांची मोठी कामगिरी एकाच स्पर्धेतली, १९६२ चे जकार्ता आशियाई खेळ. तिथे प्रत्येकाने एक सुवर्ण आणि एक रौप्य घेतलं, पण उलटसुलट, आणि घोळ तिथेच होतो. मानेंचं सुवर्ण फ्रीस्टाइलमध्ये, रौप्य ग्रीको-रोमनमध्ये. आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमनमध्ये, रौप्य फ्रीस्टाइलमध्ये. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालता येत नाही आणि पायाचा डावही चालत नाही. मातीतल्या मल्लाने त्यात सुवर्ण आणणं म्हणजे अर्धे डाव घरी ठेवून लढणं. माझं मत विचाराल तर आंदळकरांच्या नावापुढे "ग्रीको-रोमन" हा शब्द ठळक हवा. हिंद केसरीची सालं वेगळी आहेत. आंदळकर १९६०, माने १९६४. पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, १९५९. तेव्हा या दोघांपैकी कोणाच्याही नावापुढे "पहिले" लिहू नका.

खान्देशचं म्हणाल तर शोधायला लांब जायची गरजच नाही. आपला खान्देशना बी पहिलवान शे ना भो! चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी. २०१४, २०१५, २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. सलग तीन गदा त्यांच्याआधी फक्त नरसिंग यादवने घेतल्या होत्या, २०११ ते २०१३. हा किताब १९६१ पासून दिला जातो, त्यावरून तीनची किंमत लक्षात घ्या. अंतिम लढत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात होते, हेही एका ओळीत लिहा. आपल्या यात्रेतल्या फडात सगळं मातीवर आणि नारळापासून इनामापर्यंत. तिथल्या पोरांना गादीचं अर्धं गणितच माहीत नसतं.

कोणी म्हणेल बाकीचे मोठे आणि हा कालचा. म्हणू द्या. पाटीवर आपल्या जिल्ह्याचं गाव असलं की पोरगं थांबून वाचतं.

गिरणाकाठ

मापाचं ऐकून डोकं ठिकाणावर आलं, आमचा मूळ मजकूर चौदा ओळींचा होता. आता असा केलाय.

मधला भाग, नाव मोठ्या अक्षरांत फक्त "खाशाबा जाधव". खाली:

गोळेश्वर (कराड), १९२६-१९८४
लंडन १९४८: सहावे, ५२ किलो
हेलसिंकी १९५२: कांस्य, ५७ किलो
स्वतंत्र भारताचे पहिले
वैयक्तिक ऑलिम्पिक पदक

डावीकडे वर: "मारुती माने, कवठेपिरान. जकार्ता १९६२: सुवर्ण व रौप्य. हिंद केसरी १९६४." त्याखाली: "गणपतराव आंदळकर, पुनवत. जकार्ता १९६२: फ्रीस्टाइल सुवर्ण. हिंद केसरी १९६०."
उजवीकडे: "विजय चौधरी, सायगाव (चाळीसगाव). महाराष्ट्र केसरी २०१४, २०१५, २०१६."

एक जण म्हणतोय खाशाबांच्या पुढे "पद्मश्री" आणि "अर्जुन पुरस्कार" लिहा, नाहीतर पाटी उघडी दिसेल.

गादीवाला

आंदळकरांचं पुन्हा उलटं झालं! ग्रीको-रोमन सुवर्ण, फ्रीस्टाइल रौप्य. मानेंचंही प्रकार घालून लिहा, म्हणजे दोघांतला फरक दिसेल. बाजूच्या भागात दोन इंची अक्षरं घेतलीत तर ओळीत अठरा बसतात, "ग्रीको-रोमन सुवर्ण" आरामात मावतं.

लाल_माती

पद्मश्री लिहू नका, हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळालाच नाही. १९५५ मध्ये पोलिसांत फौजदार म्हणून लागले, १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मरणोत्तर. लिहायचाच तर "मरणोत्तर" हा शब्द सोडू नका. मला विचाराल तर पुरस्काराची ओळ नकोच, तुमच्या पाच ओळी भरल्यात.

त्याऐवजी नावाखाली बारीक अक्षरांत "१५ जानेवारी: राज्य क्रीडा दिन" टाका. त्यांचाच जन्मदिवस शासनाने क्रीडा दिन म्हणून ठरवलाय. दरवर्षी त्या दिवशी शाळेची पोरं भिंतीसमोर उभी करता येतील.

ब्रश_आणि_दोरी

बारीक अक्षर म्हणजे दीड इंच, त्याहून कमी नको. रस्त्यावरून दिसणार नाही, पण भिंतीजवळ आलेल्याला पुरतं. त्या ओळीला चित्रातून तीन इंच कापा, मजकुरातून नाही. आणि पेंटरला मजकूर फोनवर सांगू नका. छापून द्या, एकेक ओळ वेगळी, आणि दोरी मारून खडूने आखणी झाली की रंगाचा डबा उघडायच्या आधी दोघांनी मोठ्याने वाचून बघा. खडू ओल्या फडक्याने पुसतो, इनॅमल नाही पुसत.