टीबीचा स्ट्रेन ठराविक माणसांनाच धरतो का? स्ट्रेनची तपासणी कधी मागायची?

वखारभाग_निपाणी
नमस्कार. रुग्ण 46 वर्षांचा, फौंड्रीत कास्टिंग फोडायच्या कामावर, वजन 41 किलो, शुगर आहे. सीबीनॅटमध्ये (बेडक्यातल्या जंतूचं जनुक तपासणाऱ्या मशीनवर) टीबी निघाला, रिपोर्टवर ‘रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह’, म्हणजे टीबीचं हे मुख्य औषध लागू पडतं. मुलगा मुंबईला असतो, त्यानं ‘बीजिंग’ स्ट्रेन (जंतूचा प्रकार) आणला असं घरचे म्हणतात आणि तीच तपासणी करा म्हणून मागे लागलेत. शुगरवाल्याला एक स्ट्रेन, तरुणाला दुसरा, असं काही असतं का? कळलं तर औषध बदलतं का?

सूक्ष्मदर्शक
माणसांतल्या टीबीच्या जंतूच्या मोठ्या शाखांना लिनिएज म्हणतात. आपल्याकडे मुख्यतः चार: 1 दक्षिण भारतात जास्त, 3 उत्तरेत जास्त, 2 म्हणजे बीजिंग, आणि 4 जवळपास सगळीकडे. कुणाला कुठली मिळते हे बहुतेक करून तो कुठं वाढला, कुणाबरोबर राहिला यावर ठरतं. शुगर बघून जंतू माणूस निवडत नाही.

तरी अभ्यासांत काही जोड्या दिसतात. व्हिएतनाममध्ये बीजिंग शाखा तरुण रुग्णांत आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत जास्त सापडली. लिनिएज 1 चे रुग्ण बऱ्याच ठिकाणी वयस्कर निघतात, कारण जुना, दबून राहिलेला संसर्ग उतारवयात डोकं वर काढतो. गांबियात एम. आफ्रिकानम या टीबीच्या आफ्रिकी जंतूचा संसर्ग झालेल्यांत आजार सावकाश उभा राहिला. स्वित्झर्लंडमध्ये एचआयव्ही असलेल्यांत माणसाचा मुलूख आणि जंतूचा मुलूख यांची नेहमीची जोडी ढिली पडलेली दिसली.

चूक होते ती इथं. लिनिएज 1 चे रुग्ण वयस्कर आणि शुगरही वयाबरोबर वाढते. वयाचा हिशेब न करता आकडे मांडले की ‘लिनिएज 1 आणि मधुमेह’ असं खोटं नातं तयार होतं. जन्माचं ठिकाण, स्थलांतर, आधीचा टीबी यांचंही तेच. असा निष्कर्ष वाचला की आधी बघा, या गोष्टी वेगळ्या काढल्यात का.

लिनिएज ओळखायला स्पोलिगोटायपिंग (जंतूच्या डीएनएचा ठसा घेणारी चाचणी) लागतं किंवा पूर्ण जीनोम वाचावा लागतो. ते संशोधनाचं आणि साथीचा माग काढायचं काम. औषध त्यावर ठरत नाही. मुंबईच्या मुलाचा बेडका मात्र आजच तपासा. घरात खोकणारा दुसरा कुणी असेल तर त्याचाही.

वखारभाग_निपाणी
समजलं, सर. मग सेन्सिटिव्ह आलंय तर औषधांची काळजी मिटली ना?

लॅबटेबल
नाही, थांबा. सीबीनॅट जंतूच्या आरपीओबी जनुकातला 81 अक्षरांचा तुकडा बघतं. त्यावरून फक्त रिफॅम्पिसिनचं कळतं, आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचं काहीच नाही. त्यासाठी एलपीए (पट्टीवर जनुकातले बिघाड दाखवणारी चाचणी) लावावं लागतं. केएटीजी जनुकातला बिघाड निघाला तर आयसोनियाझिड बहुधा निकामी. आयएनएचए मधला निघाला तर जंतूचा औषधाला विरोध कमी असतो, वाढीव डोस चालू शकतो, पण इथिओनामाइड हे दुसरं औषध यादीतून गळतं. दोन्हींत उपचार बदलतात, म्हणून रिपोर्टमध्ये कुठलं जनुक लिहिलंय ते वाचा. घरच्यांना ‘स्ट्रेन’ म्हणून जे विचारायचंय, ते खरं हेच आहे.

दोन नमुने द्या: एक लगेच, एक सकाळी उठल्याउठल्या. चूळ भरायची, खोल श्वास घेऊन खाकरायचं, 2 ते 5 मिलि घट्ट बेडका यायला हवा. नुसती लाळ दिली की मशीनवर ‘इनव्हॅलिड’ येतं किंवा जंतूच सापडत नाही. डबी मोकळ्या हवेत भरा आणि पाठवेपर्यंत 2 ते 8 अंशांत ठेवा. बेडक्यात जंतू कमी असतील तर एलपीएआधी कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवणं) लागतं, म्हणजे काही आठवडे. गोळ्या सुरू झाल्यावर कल्चरमध्ये जंतू वाढेलच असं नाही, तेव्हा नमुना आधी घ्या. त्यासाठी गोळ्या मात्र अडवू नका.

छाती_विभाग
या रुग्णात स्ट्रेनपेक्षा धोक्याच्या तीन गोष्टी समोर आहेत: वजन, शुगर आणि धूळ. तिन्ही एकत्र म्हणजे फार जपायला हवं.

41 किलो म्हणजे 35 ते 49 किलोचा गट, चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन. दर महिन्याला वजन करा, 50 च्या वर गेलं तर चार. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात घरच्यांना पुरेसा आहार दिल्यावर त्यांच्यातला टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. त्यामुळं निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना 1000 रुपये पहिल्याच आठवड्यात खात्याला जोडा. पुढं कोल्हापूर-मिरजेला दाखवायचं असेल तर निक्षय आयडी (टीबी नोंदणीचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा, सीमेपलीकडं नवी नोंदणी नको.

रिफॅम्पिसिनमुळं शुगरच्या काही गोळ्यांचा, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्यांचा, असर घटतो. दोन आठवड्यांत शुगर चढली तर पथ्य मोडलं म्हणून रुग्णाला बोलू नका, औषध तपासा. आयसोनियाझिडमुळं पायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी6) 10 मिग्रॅ रोज. एचआयव्ही तपासणी राहिली असेल तर करून घ्या.

साचे फोडताना आणि कास्टिंग साफ करताना सिलिकाची बारीक धूळ उडते. सिलिकोसिस (त्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) असेल तर टीबी जास्त वेळा होतो आणि परत उलटतो, म्हणून एक्स-रेमध्ये वरच्या भागात बारीक गाठी आहेत का बघा. असतील तर उपचार सहा महिन्यांवर थांबवायचे की लांबवायचे हे छातीच्या डॉक्टरांनी ठरवावं. बरा झाल्यावर त्याच जागी उभं करू नका. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही.

गोठा_खानापूर
जंतूच्या प्रकारानं औषधात फरक पडतो अशी एक जागा आहे. जनावरांचा एम. बोव्हिस जन्मजातच पायराझिनामाइड या टीबीच्या नेहमीच्या औषधाला जुमानत नाही आणि सीबीनॅट तो वेगळा दाखवत नाही. म्हशीचं कच्चं दूध पिणाऱ्याच्या मानेत किंवा पोटात गाठी असतील तर गाठीचा नमुना कल्चरला द्या, आणि लॅबच्या कागदावर ‘कच्चं दूध, घरी जनावरं’ एवढं लिहा. ते लिहिलं नाही तर लॅबवाले शोधणार नाहीत.

वखारभाग_निपाणी
उद्या सकाळचा नमुना घेऊन एलपीएची मागणी लावतो. घरात पाच वर्षांची नात आहे, तिला काय?

छाती_विभाग
खोकला, ताप, वजन न वाढणं, गाठी आहेत का बघा, एक्स-रे काढा. टीबी नसेल तर प्रतिबंधक गोळ्या लगेच, वजनाप्रमाणे. घरातल्या मोठ्यांनाही तसंच तपासून द्यायच्या. पण एलपीएत आयसोनियाझिडचा विरोध निघाला तर या सगळ्यांचं औषध वेगळं होतं, म्हणून तो रिपोर्ट आला की त्याच दिवशी इथं कळवा.