देशप्रेम, देशभक्ती, राष्ट्रभक्ती: तिन्ही एकच का?

तासगावची:
कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय 'आजचा तरुण आणि राष्ट्रभक्ती'. भाषण लिहिताना एका ओळीत देशप्रेम, पुढच्या ओळीत देशभक्ती, मग राष्ट्रभक्ती अशी सरमिसळ झाली. मैत्रिणीने वाचून विचारलं, हे तीन वेगळे आहेत की वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून शब्द बदललेस? मला सांगता येईना. म्हणून शाळेची प्रतिज्ञा मनातल्या मनात म्हणून पाहिली. त्यात देश आहे, देशबांधव आहेत, प्रेम, अभिमान, निष्ठा आहे. 'राष्ट्र' नाही आणि 'भक्ती' तर नाहीच. हे मुद्दाम असेल का? जाणकारांनी सांगावं.

खटावकर:
प्रतिज्ञा मूळची तेलुगू, १९६२ सालची. आपण म्हणतो तो अनुवाद. तेव्हा मुद्दाम की सहज, हे अनुवाद करणाऱ्यालाच ठाऊक. पण निरीक्षण झकास आहे.

आता 'देश'. मराठीत हा शब्द फार काळ लहानच होता. कोकण, घाटमाथा आणि देश. कोकणातला माणूस कराडला आला तरी 'देशावर' गेला. देशस्थ, देशी गाय, देशमुख हे सगळे त्याच देशातले. देशमुख म्हणजे काही अख्ख्या हिंदुस्थानचा मुखिया नव्हे, परगण्याचा वतनदार. 'देशोधडीला लागला' म्हणतो तेव्हाही त्या माणसाने सीमा ओलांडून पासपोर्टवर शिक्का घेतलेला नसतो, गाव सुटलेलं असतं. त्यामुळे देश म्हटलं की पायाखालची जमीन, पीकपाणी, बोली हे सगळं आपोआप येतं. त्यावर प्रेम बसतं, ते शिकवावं लागत नाही.

'राष्ट्र'ही एके काळी लहानच. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट अशी अधिकाऱ्यांची उतरंड येते. तिथला राष्ट्रपती म्हणजे एका प्रांताचा कारभारी. आज 'राष्ट्र' म्हणताना आपल्या मनात असतं ते एकोणिसाव्या शतकानंतरचं, एका झेंड्याखालच्या, एक व्हायचं ठरवलेल्या लोकांचं. थोडक्यात, देश असतो आणि राष्ट्र घडवावं लागतं. भाषणात हा फरक पाळलात तर निम्मं काम झालं.

मिरजवाला:
आणि आपलं देवराष्ट्रे? यशवंतरावांचं जन्मगाव. समुद्रगुप्ताच्या शिलालेखात देवराष्ट्र आहे ते हेच ना?

खटावकर:
तसं पूर्वी सुचवलं गेलं होतं खरं. पण त्या प्रशस्तीतलं देवराष्ट्र आता इतिहासकार आंध्रात धरतात. गावाचं नाव सुंदर आहे, तेवढ्यावर समाधान मानू.

चाफळचा:
'वतन' विसरलात. हिंदी गाण्यांत वतन म्हणजे मायभूमी, त्यावर जान कुर्बान. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क आणि पिढीजात कामसुद्धा. पाटीलकी, कुलकर्णी, महार वतन. शेवटचं तर १९५८ च्या कायद्याने गेलं, आणि ज्यांच्या मानेवर ते होतं त्यांना सुटल्यासारखंच वाटलं असणार. शब्द एकच, पण मराठी माणसाच्या तोंडी 'ऐ वतन' मनापासून का येत नाही ते यात आहे.

ग्राउंडवाला:
मी सातारला अकॅडमीत आहे, भरतीची तयारी करतोय. पहाटे सोळाशे मीटर मारतो. इथे 'राष्ट्रभक्ती' कुणाच्या तोंडी नसते. वर्दी, ग्राउंड, मेडिकल, कटऑफ, झालंच तर चार वर्षांनी अग्निवीरचं पुढे काय, एवढंच बोलणं असतं. आमचा एक पाहुणा मिलिट्री अपशिंग्यातला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले, म्हणून गावाच्या नावालाच मिलिट्री जोडलं गेलं. त्यांच्या घरात शब्द आहे 'देशसेवा'. 'दादा देशसेवेत आहे.' त्यात पगार, पेन्शन, सुट्टी सगळं बसतं आणि कुणाला त्यात कमीपणाही वाटत नाही. कुणी मला विचारलं, तू देशभक्तीसाठी जातोयस की नोकरीसाठी, तर मला प्रश्नच कळत नाही.

तासगावची:
हे मी भाषणात घेऊ का? तुमचं नाव न सांगता.

ग्राउंडवाला:
घ्या की. नाव माहीत तरी कुठं आहे तुम्हाला.

कुंडलकर:
वापराबद्दल एक सांगतो. 'देशभक्त' हा शब्द मराठीत दुसऱ्याने म्हणायचा आहे. 'मी देशभक्त' असं म्हणताना जीभ अडखळते, जसं 'मी संत' म्हणताना अडखळेल. एके काळी तो पदवीसारखा नावाआधी लागायचा, देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार म्हणतात तसा. आमच्याकडे प्रतिसरकारच्या काळातली, म्हणजे १९४३ ते ४६ मधली माणसं होती. नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्याबरोबरची. त्यांच्याबद्दल गावात काय म्हणतात? 'ते चळवळीत होते.' फार तर 'भूमिगत होते'. कुणाच्या शेतातल्या वस्तीवर लपले, कुणाच्या भाकरी खाल्ल्या, हे सांगताना 'भक्ती' शब्द लागतच नाही.

लोक मात्र म्हणायचे पत्री सरकार. गुन्हेगाराच्या तळपायावर मारायचे, बैलाला पत्री ठोकावी तसं, म्हणून ते नाव, असं सांगतात. चळवळीतल्यांना स्वतःला 'प्रतिसरकार'च रुचायचं. गावोगाव न्याय देणारी मंडळं होती, तुफान सेना होती. ते सरकारच होतं हो, नुसती मारहाण नव्हे.

वाळव्यात आणखी गंमत. 'यंदा ऊस हुतात्म्याला घातला' असं शेतकरी म्हणतो. कारखाना हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाचा. परगावच्या माणसाला दचकायला होतं, इथे कुणाला काही वाटत नाही.

आटपाडीकर:
'नागरिक' राहिला. तरुण नागरिक म्हणताय ना? आटपाडी औंध संस्थानात होती. २१ जानेवारी १९३९ ला तिथल्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपले अधिकार सोडून स्वराज्याची घटना दिली. कागदावर तरी रयतेची नागरिक झाली, देशाच्या स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी. रयत राजाशी एकनिष्ठ असते. नागरिक कुणाशी, हा तुमच्या भाषणाचा विषय होऊ शकतो. 'रयत' शब्दाची लाज मात्र कुणाला नाही, कर्मवीरांनी संस्थेलाच ते नाव दिलं.

सातारकरीण:
याला जोडून बाबासाहेब. ७ नोव्हेंबर १९०० ला ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून तो दिवस विद्यार्थी दिवस. त्यांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढून वाचा. आपण राष्ट्र आहोत असं मानणं हा भ्रम आहे, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असं ते विचारतात. राजकीय जाण असलेल्या हिंदी लोकांना एके काळी 'भारताचे लोक' हा शब्दप्रयोग आवडत नसे, त्यांना 'भारतीय राष्ट्र' हवं असे, हेही ते सांगतात. आता उद्देशिका उघडा. सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक'. 'राष्ट्र' येतं ते शेवटी, बंधुतेच्या ओळीत. खटावकर म्हणाले 'घडवावं लागतं', ते इथे दिसतं. आणि राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा रस्ता आहे, हेही त्याच भाषणात. म्हणून मी 'देशभक्ती' टाळते.

खटावकर:
ताई, ते व्यक्तिपूजेबद्दल बोलले होते, देशाबद्दल नव्हे. तो इशारा देशभक्तीला सरसकट लावू नये.

लोणंदची:
आणि भक्तीला एवढं घाबरायचं कारण काय? माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते. मराठीतला भक्त म्हणजे मान डोलावणारा, हा अर्थ अलीकडे टोमणे मारून मारून तयार झालाय. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा त्याला जाब विचारतात. देवाशी भांडायचा हक्क असलेली भक्ती आहे ही. तासगावच्या ताईंनी तीच देशाला लावावी. रस्त्याला खड्डा दिसला की ग्रामसभेत उभं राहून भांडा, आणि घरी येऊन झेंड्याला सलाम करा. दोन्ही एकाच माणसाने करायचं.

सातारकरीण:
हा अर्थ मला मान्य. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो असेल का, शंका आहे. सात मिनिटांत आधी जनाबाई समजावून सांगावी लागेल.

मिरजवाला:
'राष्ट्रवाद' सुचवणार होतो. पण सांगलीत 'तो राष्ट्रवादी आहे' म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या गटाचा?

तासगावची:
:) तो शब्द घेतच नाही. ठरवलंय असं: माझ्यासाठी 'देशप्रेम', अपशिंग्यासाठी 'देशसेवा', प्रतिसरकारासाठी 'चळवळ'. 'राष्ट्र' फक्त उद्देशिकेच्या परिच्छेदात. 'भक्ती' जनाबाईसकट घेते, वेळ पुरला तर. विषयात 'राष्ट्रभक्ती' असूनही तो शब्द मी एकदाच उच्चारणार. परीक्षक गुण कापतील का?

खटावकर:
कापले तर कापले. फलकावर मात्र 'देशभक्तीपर गीते' लिहू देऊ नका. एकटा शब्द 'देशभक्ती', दीर्घ. समासात ऱ्हस्व, 'देशभक्तिपर'. तसंच राष्ट्रपती, पण राष्ट्रपतिपद.