परदेशी राजदूत आपल्या ऊर्जा आणि व्यापार धोरणावर नेमका प्रभाव कसा टाकतात?

मृण्मयी_कर्वेनगर

नमस्कार. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे आणि आर्थिक राजनयावर निबंध लिहिते आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 3 नुसार दोन देशांमधील आर्थिक संबंध वाढवणे हे दूतावासाचे कामच आहे. कलम 41 मात्र यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, असे बजावते. वीज कोणाकडून घ्यायची, तेल कुठून आणायचे, कोणत्या फळाला बाजार खुला करायचा, हे निर्णय या दोन्ही कलमांच्या कक्षेत येतात. मग राजदूत प्रत्यक्षात करतो तरी काय? पुस्तकांत 'दबाव' आणि 'वाटाघाटी' या शब्दांपलीकडे फारसे हाती लागत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_अभियंता (कोथरूड)

मृण्मयीताई, कोकणातल्या दाभोळ वीज प्रकल्पापासून सुरुवात करा. त्या वर्षांत मी वीज क्षेत्रात भारनियंत्रणाच्या कामावर होतो. 1992 मध्ये या प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी महाराष्ट्राचा सामंजस्य करार झाला तो निविदा न काढता. 1993 मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले, तेव्हा अमेरिकेची एक्झिम बँक आणि ओपिक या सरकारी संस्था पैसा घेऊन उभ्या राहिल्या. माझ्या मते प्रभावाचे खरे मूळ इथेच आहे. ज्या प्रकल्पात एखाद्या सरकारचा पैसा गुंतलेला असतो, त्याची चौकशी करणे त्या देशाच्या राजदूताच्या नित्याच्या कामात बसते आणि त्याला कोणी ढवळाढवळ म्हणू शकत नाही.

1995 च्या ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द केला. त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जाहीर निवेदन काढून, हा करार मोडला तर भारतातील इतर खासगी वीज प्रकल्पांनाही धक्का बसेल, असे सुचवले होते. 1996 च्या जानेवारीत फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. त्या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर 1997 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यात बेकायदा काही नव्हते, पण मला तेव्हाही हे खटकले होते आणि आजही खटकते.

आमच्या कक्षात एक फळा होता. त्यावर रोज दोन आकडे लिहिले जात: दाभोळकडून किती वीज घेतली आणि किती विजेचे पैसे द्यावे लागणार. दुसरा आकडा नेहमी मोठा असे, कारण वीज उचलली नाही तरी स्थिर आकार चुकत नव्हता. 2001 च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधी यांच्या भेटीत हा विषय काढला, तरी प्रकल्प सुरू झाला नाही. वीज मंडळाच्या तिजोरीतच पैसा नव्हता, तिथे शब्द टाकून काय होणार?

गुलटेकडी_फळव्यापारी

काकांनी दबावाची बाजू मांडली. मी चिकाटीची मांडतो. अमेरिकेत आपल्या आंब्याला 1989 पासून बंदी होती. कारण फळमाशी आणि कोयीतला भुंगा. 2006 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा तत्त्वतः होकार मिळाला आणि 2007 च्या एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या गेल्या. मधल्या वर्षभरात विकिरणाची, म्हणजे कीड मारण्यासाठी फळावर सोडायच्या किरणांची, मात्रा किती असावी, लासलगावच्या केंद्राला मान्यता कशी द्यावी, अमेरिकेचा निरीक्षक इथे येऊन कोणासमोर तपासणी करेल, यावर कागद फिरत होते. त्याच सुमारास आपल्याकडे हार्ले-डेव्हिडसनसारख्या मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींचा रस्ता मोकळा करणारे प्रदूषण निकष आले. देवाणघेवाण अशी होते.

निरीक्षक पेटीतले एखादे फळ उचलतो, कोयीपर्यंत कापतो आणि गर बोटाने बाजूला सारून पाहतो. तेवढा वेळ आम्ही श्वास रोखून उभे असतो. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीवरूनच हापूस अडवला, तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनीही तिथे असाच पाठपुरावा केला आणि 2015 च्या जानेवारीत ती बंदी उठली. म्हणजे हे काम दुसरेच करतात आणि आपण सोसतो, असे निबंधात लिहू नका.

तुषार_औंध

उघड बोलणे कसे अंगलट येते, त्याचेही उदाहरण घ्या. 2006 च्या जानेवारीत अमेरिकेचे राजदूत डेव्हिड मलफर्ड यांनी वृत्तसंस्थेला सांगितले की, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले नाही, तर भारत-अमेरिका अणुकरार अमेरिकी काँग्रेसमध्ये मरेल. परराष्ट्र खात्याने त्यांना बोलावून नाराजी कळवली. फेब्रुवारीत भारताने मत इराणविरुद्धच दिले, पण सरकारला ते स्वतःच्या निर्णयाने दिले हे पटवताना नाकी नऊ आले.

तेलाचे तर वेगळेच. 2012 नंतर इराणवर अमेरिकेचे निर्बंध असतानाही यूको बँकेतून रुपयांत पैसे देऊन आपण इराणचे तेल घेत राहिलो. 2019 च्या मे महिन्यात निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि खरेदी थांबली. जहाजाचा विमा आणि डॉलरमधील बँक व्यवहार ज्याच्या हाती, त्याच्या राजदूताला फार बोलावे लागत नाही.

मृण्मयी_कर्वेनगर

सर्वांचे मनापासून आभार. काका, दाभोळच्या त्या फळ्याचा उल्लेख निबंधात तुमच्या नावाशिवाय केला तर चालेल का?

निवृत्त_अभियंता (कोथरूड)

अवश्य करा. फक्त दोन्ही आकडे लिहा. एकट्या पहिल्याने काही कळत नाही.